कोरडा पडलेला दगड

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर ऐकू यायचं नाही, कारण या गोष्टीतली माणसं फार हळू बोलतात. मोठ्याने बोलायची त्यांची छातीच होत नव्हती. एका सबंध गावाची वाचा कशी बसली आणि ती कशी सुटली, ते आज सांगायचं आहे. एक माणूस मेला आहे. मेल्यानंतर त्याला कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवला आहे. कोणी, आणि का? चित्त इकडे द्या, देवाचं स्मरण करा आणि ऐका.

१

मॅडॉक पॅरी सापडला तो शुक्रवारी दिवेलागणीला, दूर परदेशातल्या कार्मेल गावच्या दगडखाणीबाहेर, टाकाऊ दगडाच्या डोंगरापाशी. त्या डोंगरावरून घरी जायची पायवाट होती. तिच्या खाली तो उताणा पडला होता, शेजारी जेवणाचा डबा.

एल्विन प्रिचर्ड, खाणीचा मालक, आपली मोटार थांबवून धावत उतरला. त्याच्या मागून उतरला एमलिन हॉवेल्स. हा विमा कंपनीचा तपासनीस. ते दोघे सकाळपासून शेजारच्या गावातल्या कचेरीत समोरासमोर बसून भांडत होते आणि भांडण अर्धं टाकूनच परत येत होते.

"घसरला," मुकादम हॉपकिन वॉन म्हणाला. कंदील त्याच्या हातात होता. "भोंगा झाला, सगळ्यांबरोबर बाहेर पडला. वाटेत घसरला."

चाळीसेक माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. एमलिनने वाकून मॅडॉकचा हात धरला. शाळेत दोघे एका बाकावर बसायचे. हात लाकडासारखा ताठ होता. एमलिनची नजर चेहऱ्याकडे गेली. कपाळाला खोल जखम होती, पण चेहरा स्वच्छ होता. केस भांग पाडून नीट बसवलेले होते, रविवारी चॅपेलला जाताना बसवतात तसे.

तेवढ्यात गर्दी फाकली. मॅडॉकची बायको नेस्टा आली होती. ती रडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं.

"वाटेवर?" ती म्हणाली. "हा वाटेवर कसा? हा तर सकाळी दोराने खाली..."

"पोरी!" म्हातारा इलायस पॅरी, तिचा सासरा, पुढे झाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गप्प राहा. माझं ऐक. गप्प राहा."

आणि नेस्टा गप्प झाली. पण गप्प होताना तिने एमलिनकडे पाहिलं. नवऱ्याच्या मरणाला भिऊन बघणारी नजर ती नव्हती. ती भोवतालच्या जिवंत माणसांना भ्याली होती.

२

भांडण कशावरून होतं, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

कामावर माणूस मेला किंवा मोडला तर त्याच्या घरच्यांना दर आठवड्याला पैसे मिळावेत म्हणून मालकाने विमा काढायचा असतो. त्याचा हप्ता ठरतो मजुरीवर. पण सगळ्यांची मजुरी एका मापाने मोजत नाहीत. खोपटात बसून छिन्नीने दगडातून छपराच्या पाट्या फोडणाऱ्याच्या शंभर डॉलरांमागे हप्ता थोडा. दोराला लोंबकळून खड्ड्यात उतरणाऱ्याच्या शंभरामागे तो कितीतरी पट. कार्मेलच्या खाणीने आपली जवळजवळ सगळी माणसं खोपटातली म्हणून दाखवली होती. विमा कंपनी म्हणत होती, मग खड्ड्यातून दगड काय आपणहून उडून वर येतो?

म्हणून त्यांनी एमलिनला पाठवला. त्याचा बाप याच खोऱ्यात पाट्या फोडता फोडता म्हातारा झाला होता. गुरुवारी एमलिनने यारीपाशी, म्हणजे खड्ड्यातून दगड वर ओढायच्या यंत्रापाशी, उभं राहून हॉपकिनला सरळ सांगितलं होतं, "खोपटातला म्हणून दाखवलेला एक जरी माणूस मला खड्ड्यात दिसला, तर सगळेच्या सगळे खड्ड्यातले धरीन. मागच्या तीन वर्षांच्या हप्त्यासकट."

"मग खाण बंद होईल," हॉपकिन म्हणाला होता.

"ते मालकाने बघायचं."

यारीच्या दांड्यावर हात ठेवून ती चालवणारा इलायस ते सगळं ऐकत होता.

आता शनिवारी सकाळी एमलिन एल्विनच्या पुढ्यात उभा होता. बाहेर सगळं चिडीचूप होतं. खाणीचा एरवीचा खडखडाट नाही, छिन्न्यांची टकटक नाही.

"बघतोस काय?" एल्विन वैतागून म्हणाला. "आपली रीत विसरलास वाटतं, शहरात राहून! माणूस मेला की तो पुरेपर्यंत कोणी दगडाला हात लावत नाही. सोमवारी पुरणार. तोपर्यंत माझे पैसे चाललेत पाण्यात."

"मॅडॉक कुठे काम करायचा, एल्विन?"

"खोपटात. तुला दहा वेळा सांगितलं. आणि मेला तो काम सुटल्यावर, घरी जाताना. म्हणजे विम्याचा संबंधच येत नाही. तुझीच कंपनी खूश होईल, बाबा!"

"आणि नेस्टा?"

एल्विनने नजर खिडकीकडे वळवली. "घर खाणीचं आहे. खाणीत काम करणाऱ्यासाठी आहे. महिनाअखेरपर्यंत राहू दे तिला. मी काही राक्षस नाही."

एमलिनला वाटलं, हा खोटं बोलतोय. पण एल्विनने मॅडॉकला उचलून ठेवणं शक्य नव्हतं. शुक्रवारी अख्खा दिवस तो एमलिनच्या डोळ्यांसमोर होता. एमलिनइतका पक्का साक्षीदार कोणत्या मालकाला मिळायचा!

हॉपकिनने आपल्या घराच्या दारातूनच उत्तरं दिली. "भोंग्याला सुटला. डबा घेतला. गेला. किती वेळा तेच तेच विचारशील, विमेवाल्या? तुझा बाप असता तर लाजला असता."

"माझा बाप असता तर त्याने तुला सांगितलं असतं, पोराला आत बोलाव."

दार बंद झालं.

इलायसने मात्र आत बोलावलं. चहा ओतला. चहा कपाबाहेर सांडला, बशीबाहेर सांडला, टेबलावरून ओघळला, तरी म्हातारा ओततच होता. एमलिनने हळूच त्याच्या हातातून किटली काढून घेतली.

"काका, खरं काय झालं?"

"भोंगा झाला. तो गेला." इलायस भिंतीकडे बघून म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात, "एमलिन, पोरा, तू जा इथून. आजच जा."

"का? कोणी काही करील म्हणता?"

म्हाताऱ्याने उठून दार उघडून धरलं.

एमलिन बाहेर येऊन मोटारीत बसायला गेला आणि थिजला. बसायच्या जागेवर छपराला घालतात तशी जांभळी पाटी ठेवलेली होती. तिच्यावर कोरलं होतं, सुबक, थडग्यावर कोरतात तसं: एमलिन हॉवेल्स. खाली त्याचं जन्माचं साल. त्याच्यापुढे एक आडवी रेघ. रेघेच्या पुढची जागा कोरी.

३

त्याने जायचंच ठरवलं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी बॅग भरली, मोटार सुरू केली, नाक्यापर्यंत गेला. तिथे त्याला मॅडॉकची थोरली पोर दिसली. झाडामागे उभी होती. ती हात हलवून म्हणाली, "आई म्हणते, मागच्या दाराने ये," आणि पळाली.

नेस्टाच्या घरात भर दिवसा पडदे ओढलेले होते. मृतदेह समोरच्या खोलीत. एरवी अशा घरात बायकांची रीघ लागते, बेदाण्याचे पाव येतात, चुलीवरून किटली उतरत नाही. इथे टेबल रिकामं होतं.

"कोणी आलं नाही, वहिनी?"

"येतात. दाराशी थांबतात. माझं तोंड बघतात, मी काय बोलेन म्हणून घाबरतात आणि जातात." नेस्टा कुजबुजली. स्वतःच्याच घरात ती कुजबुजत होती. "काल हॉपकिन आला होता. म्हणाला, आम्ही सगळे मिळून तुला सांभाळू, दर शनिवारी वर्गणी काढू. फक्त बोलू नकोस. बोललीस तर चाळीस चुली विझतील, त्या तुझ्या माथी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? महिनाअखेर घर जाणार. दोन पोरी घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू? वर्गणी दोन शनिवार निघेल. तिसऱ्या शनिवारी कोणाचं पोर आजारी पडेल, चौथ्याला कोणाचे बूट फाटतील. माणसं वाईट नाहीत, एमलिनदादा. पण गरीब आहेत." तिने डोळे पुसले. "तो दोराने उतरायचा. रोज. हे मी शपथेवर सांगीन. पण माझं एकटीचं कोण ऐकणार?"

"त्या दिवशी तुम्ही काही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलं. मी सकाळी कपडे वाळत घालत होते. यारीची कुरकुर तुला माहीत आहे ना, दिवसभर चालू असते, आम्हाला आता तिचं भानही नसतं. ती मधेच थांबली. थांबली तेव्हा भान आलं. जेवणाची वेळसुद्धा झाली नव्हती. मग बऱ्याच वेळाने एकदाच वाजली." ती थबकली. "हळू. इतकी हळू की मला वाटलं काचेचं सामान वर घेतायत. मग संध्याकाळपर्यंत नाहीच."

एमलिनने ते मनात नोंदवून ठेवलं.

"हॉपकिन म्हणतो यारी बिघडली होती," ती म्हणाली.

घरातून निघताना त्याने ती पाटी मोटारीतून काढून दूर भिरकावायची म्हणून उचलली. उजेडात धरली आणि त्याचा हात थांबला. कोरीव काम सुबक होतं, पण पाटी? पाटी भिकार होती. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने पातळ, अंगावर पायऱ्या पायऱ्या, कडेला कपच्या उडालेल्या. त्याच्या बापाने असली पाटी पाहिली असती तर ज्याने फोडली त्याला त्या दिवशी जेवू दिलं नसतं.

खाणीतून वर आलेला दगड ओला असतो, तोवर तो वहीच्या पानांसारखा सुटतो. उघडा राहून वाळला की हट्टी होतो, वाटेल तसा तुटतो. म्हणून कामावरून उठताना फोडणारा सगळ्यात आधी काय करतो? ठोकळ्यांवर ओली गोणपाटं घालतो. एक वेळ स्वतःचा कोट विसरेल, पण गोणपाट विसरणार नाही.

ही पाटी वाळलेल्या ठोकळ्यातून काढली होती. कार्मेलच्या खाणीत कोणाचा ठोकळा वाळला होता? आणि का?

आता त्याला जाता येईना.

४

सोमवारी सगळं गाव चॅपेलमध्ये होतं. खाणीत कोणी नसणार ते तेव्हाच. एमलिन डोंगराला वळसा घालून खोपटांकडे निघाला. वारा कोरडा होता. डाव्या हाताला खड्डा होता, इतका खोल की तळाचं पाणी काळ्या ठिपक्यासारखं दिसत होतं. लहानपणापासून त्याला त्या कडेची भीती वाटायची. बाप हात धरून न्यायचा. आज हात धरायला कोणी नव्हतं. तो भिंतीला पाठ घासत, पाय ओढत पुढे सरकला.

खालून उपदेशकाचा आवाज येत होता. त्या लोकांचा उपदेश म्हणजे नुसतं बोलणं नव्हे हो. आधी साधं बोलतात, मग शब्दांना सूर लागतो, मग सूर चढतो, आणि शेवटी उपदेशक गातच असतो, त्याचं त्यालाही भान नसतं, ऐकणाऱ्यांनाही नसतं. ज्याने रात्र रात्र बसून कीर्तन ऐकलंय त्याला तिथे भाषा कळली नाही तरी अडत नाही. तो सूर वाऱ्याबरोबर खाणीत येत होता. एमलिनला तेवढाच आधार.

पहिल्या खोपटाचं दार त्याने ढकललं.

ठोकळे उघडे होते. सगळे. फिकट, वाळलेले, कोरडेठाक. एकात छिन्नी रुतलेली होती, निम्मी फूट पडून तशीच. गोणपाटं कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. दुसऱ्या खोपटात तेच. तिसऱ्यात तेच. जणू सगळ्यांनी एकाच क्षणी हात वर उचलले आणि पुन्हा खाली आणलेच नाहीत.

भोंग्याला सुटले म्हणे! भोंग्याला सुटलेला माणूस ठोकळा झाकून जातो.

खाली उपदेशाच्या मधलं गाणं सुरू झालं. शेकडो कंठांचं, चार सुरांत. एमलिन क्षणभर ऐकत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं.

सगळ्यांच्या आधी सुरू होऊन गाणं उचलून द्यायचा तो भरदार आवाज, जो लहानपणापासून दर रविवारी त्याने ऐकला होता, तो त्यात नव्हता. कार्मेलमध्ये गाणं उचलून देत असे हॉपकिन वॉन.

हॉपकिन चॅपेलमध्ये नव्हता.

दारात उजेड अडला.

५

हॉपकिनच्या एका हातात पहार होती. दुसऱ्या हातातल्या बादलीतून पाणी ठिबकत होतं.

"आलास ना शेवटी," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. मी तासभर आधी यायला हवं होतं."

"ठोकळे ओले करायला?"

हॉपकिनने बादली खाली ठेवली. पहार ठेवली नाही. तो दार अडवून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर खड्डा होता.

"एमलिन, खड्डा खोल आहे. तुझा पाय घसरला म्हणून सांगायला गावात चाळीस तोंडं आहेत."

एमलिन घाबरला होता, खोटं कशाला सांगू? पण भीती एका टोकाला गेली की कधी कधी माणसाच्या तोंडून सत्यच बाहेर पडतं.

"मग मला वर कोण काढील?" तो म्हणाला. "पुन्हा इलायसच का?"

पहार खाली आली. जमिनीला टेकली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. तुम्ही सगळ्यांनीच सांगितलंत." एमलिन बोलत राहिला. "यारी सकाळी थांबली. मग एकदाच चालली, फार हळू. इलायसकाकाशिवाय त्या यारीला कोणी हात लावत नाही. संध्याकाळी मी मॅडॉकचा हात धरला तेव्हा तो लाकडासारखा ताठ होता. आत्ताच पडलेल्या माणसाचा हात तसा नसतो. डॉक्टर आला दुसऱ्या दिवशी, त्याला काय कळणार? आणि हे ठोकळे. तू त्यांना सांगितलं असशील, काही झालं नाही असं दाखवा, भोंग्यापर्यंत काम चालू ठेवा. बरोबर?"

हॉपकिनने होकारार्थी मान हलवली.

"आणि त्यांच्याने झालं नाही."

"नाही झालं," हॉपकिन म्हणाला. तो दारातच खाली बसला. "मी ओरडलो, शिव्या दिल्या. घरी जाऊ नका, गावाला कळेल, निदान छिन्नी वाजवा! एकानेही छिन्नी उचलली नाही. टोप्या काढल्या आणि बसून राहिले, भोंगा होईपर्यंत. मेलेलं माणूस पडलेलं असताना दगडाला हात लावायचा नसतो, तर ठोकळा झाकायला तरी कोण हात लावणार? गोणपाटाकडे कोणी बघितलंही नाही."

"तू लावलास."

"मी लावला. शनिवारी. तुझी ती पाटी काढायला." हॉपकिनने दोन्ही तळवे पुढे करून पाहिले, जसे काही ते दुसऱ्याचे होते. "मॅडॉकला अजून पुरला नव्हता आणि मी दगड फोडत होतो. त्या हातांनी, त्या तोंडाने आज गाणं कसं उचलून देऊ? गेलोच नाही आत."

"मला मारणार होतास?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि एमलिनला वाटलं की एवढ्या दिवसांत गावात ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

"हे सगळं कोणाच्या डोक्यातून आलं? तुझ्या?"

हॉपकिनने नकारार्थी मान हलवली. "कड्याचा दगड सुटला. आम्ही खाली उतरलो तेव्हा मॅडॉक गेलेला होता. मी रडत होतो. मालक नव्हता. वरून म्हातारा ओरडला, त्याला वर द्या. त्याने एकट्याने वर घेतला. मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, काल विमेवाला पोरगा काय बोलला ते ऐकलंत ना? एक माणूस खड्ड्यात दिसला तर सगळे खड्ड्यातले धरीन. खाण बंद होईल. माझी अजून दोन मुलं या खाणीत आहेत. तुमची आहेत. त्याला वाटेवर ठेवा."

गुरुवारी कामाचं म्हणून बोललेलं आपलं वाक्य असं कोणाच्या तोंडून परत ऐकावं लागेल, हे एमलिनच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने खोपटाच्या भिंतीला हात टेकला.

"चल," तो म्हणाला. "पुरायच्या आत पोचायला हवं."

"तू त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडणार?"

"मी एक शब्द बोलणार नाही. पण तो बोलला नाही आणि तुम्हीही कोणी बोलला नाहीत, तर मला लिहावं लागेल की साक्षीदार नाही. मग नेस्टाला घर सोडावं लागेल. तुझ्या वर्गणीवर किती दिवस जगेल ती, तूच सांग."

६

चॅपेल खचाखच भरलेलं होतं. उपदेशक आता गातच होता. "भिऊ नका," एवढेच शब्द. एकदा खाली, एकदा वर, एकदा विनवणीसारखे, एकदा आईने अंगाईत म्हणावेत तसे. भिऊ नका. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो मरणाबद्दल बोलत होता.

समोर शवपेटी. पहिल्या बाकावर इलायस. त्याच्या शेजारी नेस्टा, दोन्ही पोरी कुशीत. मधे एक माणूस बसेल एवढं अंतर.

एमलिन मधल्या वाटेने पुढे गेला. माणसं त्याच्याकडे बघू लागली. मागून हॉपकिन आत शिरला तेव्हा बाकाबाकांतून भीतीची एक लाट गेली. एमलिन इलायसपाशी वाकला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला,

"काका, ज्याने त्याला तिथे ठेवायला लावलं त्याने त्याचे केस विंचरले होते. टाकून द्यायच्या माणसाचे केस कोणी विंचरत नाही. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाकीचं तुम्ही सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

आणि तो मागे जाऊन भिंतीपाशी उभा राहिला.

उपदेशकाचा सूर चढत गेला. भिऊ नका. इलायस पुढे बघत होता. एमलिनला वाटलं, नाही, हा बसूनच राहणार. उपदेशक सुराच्या टोकाला पोचला, थांबला, श्वास घेतला. त्या शांततेत बाक करकरला.

"मला भीती वाटते," इलायस उभा राहून म्हणाला.

उपदेशक थक्क होऊन बघत राहिला.

"मला भीती वाटते, पण सांगतो. मॅडॉक खड्ड्यात मेला. सकाळी. कामावर. मी त्याला यारीने वर घेतला. मीच त्याला वाटेवर ठेवायला सांगितलं." त्याने बाकाची पाठ धरली. "नेस्टा, पोरी, हे मी केलं. चाळीस घरांसाठी केलं म्हणून सांगत होतो स्वतःला. तुझं घर मोजलंच नाही."

नेस्टाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पेटीकडे बघत होती. पण तिचे ओठ उघडे होते, इतके दिवस कोंडलेला श्वास सोडल्यासारखे.

पहिल्या बाकाच्या टोकावरून एल्विन प्रिचर्ड उठला. "इलायस! शुद्धीवर आहेस का? तुला कळतंय का, खाण बंद—"

"बसा मालक," मागून हॉपकिन म्हणाला. "शुक्रवारी आम्ही तिघांनी त्याला डोंगरापर्यंत नेला. मी पायाकडे होतो."

"मी डोक्याकडे," दुसरा एक उठला.

"डबा मी ठेवला," तिसरा म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

मग एकेक करून उठत गेले. "मी खड्ड्यात उतरतो. सहा वर्षं." "मी पण." "मी पण, आणि माझा भाऊ." कोणी विचारलं नव्हतं. एमलिनने लिहून घेतलं नाही. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला दिसेनासं झालं होतं.

एल्विन टोपी घालून निघून गेला.

सगळ्यात शेवटी हॉपकिन, जो आज कसं गाऊ म्हणाला होता, त्याने पेटी उचलताना गाणं उचलून दिलं. आवाज फाटका होता. बाकीच्यांनी तो सांभाळून घेतला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. नेस्टाला तिचा आठवड्याचा हक्क मिळाला आणि घर राहिलं. विमा कंपनीने तीन वर्षांचा फरक मागितला, एल्विन कोर्टात गेला आणि हरला. खाण त्या हिवाळ्यात खरोखर बंद पडली. म्हातारा घाबरत होता ते खोटं नव्हतं. काही घरं शहराकडे गिरण्यांत गेली. बर्फ वितळण्याच्या दिवसांत खाण दुसऱ्या मालकाने घेतली, निम्मी माणसं परत आली, आणि या वेळी खड्ड्यातले खड्ड्यात आणि खोपटातले खोपटात लिहिले गेले. नेस्टाने सासऱ्याला माफ केलं का, ते तिला कोणी विचारलं नाही. चॅपेलमध्ये दोघे एकाच बाकावर बसत. मधे पोरी बसत.

इलायस पॅरी फार वर्षं जगला नाही. त्याचं थडगं साधं आहे, त्यावर नाव आणि दोन सालं, बाकी काही नाही. म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. कधीतरी तुमच्याही छातीत तशी भीती बसेल, आपल्या माणसांसाठी खोटं बोलायला लावणारी, चांगुलपणाचा मुखवटा घातलेली. तेव्हा त्या म्हाताऱ्याला आठवा. त्याला साधू म्हणू नका, पापीही म्हणू नका. ज्याने आपल्या मेलेल्या मुलाचे केस विंचरले आणि मग भर सभेत उठून "मला भीती वाटते" म्हटलं, त्या इलायस पॅरीचं नाव एकदा देवापुढे घ्या. तेवढं पुष्कळ आहे.